चौकशी खिडकीजवळ यावं

"काय रे भोंग्या, तुझा भाऊ येऊन बसला बघ खाली," कंट्रोलर म्हणाला आणि शेजारच्या ड्रायव्हरकडे बघून त्याने डोळा मारला.

निवेदकाने नुकतीच दुपारच्या गाडीची सूचना दोनदा सांगून संपवली होती आणि खुर्ची मागे सरकवून तो पाण्याची बाटली शोधत होता. बस स्टँडच्या वरच्या मजल्यावरची ही खोली. पुढे भिंतभर काच, काचेखाली सगळे फलाट, आणि टेबलावर एक माइक. स्टँडवरच्या झाडून सगळ्या कर्ण्यांतून त्याचाच आवाज येत असे, म्हणून ड्रायव्हर-कंडक्टर त्याला भोंगा म्हणत. त्याला ते आवडत नव्हतं, पण तसं त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवायची त्याला सवयच नव्हती. दिवसभर बोलायचं आणि स्वतःचं असं काहीच बोलायचं नाही, हीच त्याची नोकरी होती.

"कोण भाऊ?" तो म्हणाला.

"तोच की. काचा बसवणारा म्हातारा. हालेलुया." कंट्रोलर पोट हलवत हसला. "तू पण जातोस म्हणे त्यांच्यात? गुडघेबिडघे टेकतोस, टाळ्या वाजवतोस?"

"मी? माझं डोकं फिरलंय का?"

"मग दर आठवड्याला डबा घेऊन इथे कशाला येतो तो?"

"मला काय माहीत. हात धुऊन मागे लागलेत ते लोक. भाऊबिऊ कोणी नाही तो माझा. मी ओळखतसुद्धा नाही त्याला."

आणि मग त्याला स्वतःचा आवाज परत ऐकू आला. स्टँडच्या पार टोकाला एक पत्र्याची शेड होती. तिथल्या कर्ण्याचा आवाज जरा उशिरा माघारी येत असे. इतक्या वर्षांत त्याच्या कानाला त्याची सवय झाली होती, सूचना संपली की तिची शेपटी शेडमधून परत यायची. तशीच आता ही शेपटी आली. 'ओळखतसुद्धा नाही त्याला.'

माइकचं बटण जुनं होतं. एकदा दाबून ते बंद व्हायचं नाही, दुसऱ्यांदा दाबावं लागायचं, आणि वर लाल दिवा आहे की नाही ते बघावं लागायचं. रोज बघणारा माणूस आजच बघायचा राहिला होता. लाल दिवा ढळढळीत पेटलेला होता.

टेबलावरचा आतला फोन खणखणला. खालच्या चौकशी खिडकीतल्या बाई होत्या. "अहो, बटण बंद करा आधी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सगळं ऐकू येतंय इथे."

त्याने बटण बंद केलं. ड्रायव्हरला एकदम गाडीची आठवण झाली आणि तो निघून गेला. कंट्रोलर भिंतीवरच्या वेळापत्रकात डोकं घालून उभा राहिला. निवेदकाला काचेकडे जायचं नव्हतं, पण पाय गेले.

खाली घड्याळाखालच्या बाकावर काचवाले एकटेच बसले होते. शेजारी त्यांची लाकडी चौकट, तिच्यात उभ्या लावलेल्या काचा, मांडीवर डबा. फलाटावरची माणसं वर खोलीकडे बघत होती, एक दोघं हसत होती. काचवाल्यांनी मात्र मान वर केली नाही. उघडलेल्या डब्याचं झाकण त्यांनी परत लावलं, ते नीट बसलंय का हे अंगठ्याने दाबून पाहिलं, आणि डबा तसाच हातात धरून ते थोडा वेळ बसून राहिले. मग उठले. चौकट पाठीला लावताना त्यांना नेहमी कोणाचा तरी हात लागायचा. आज त्यांनी तो मागितला नाही. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून स्वतःलाच उभं केलं आणि चालू लागले.

थोड्या वेळाने चौकशीबाई वर आल्या. त्यांच्या हातात तो डबा होता.

"तुमच्यासाठी ठेवून गेले," त्या म्हणाल्या.

"काही म्हणाले?"

"म्हणाले, त्याला सांगा, सकाळपासून पोटात काही नसेल त्याच्या." बाईंनी डबा टेबलावर ठेवला. अजून काहीतरी बोलावं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. त्याला तेवढंही मागायची लाज वाटत होती.

त्यानंतरच्या सूचना त्याने कशा सांगितल्या ते त्याचं त्यालाच माहीत. डब्याला त्याने हात लावला नाही.

या दोघांची ओळख एका फुटक्या काचेमुळे झाली होती. निवेदकाचं लग्न झालेलं नव्हतं. आई होती तोवर घरात आवाज होता. ती अंथरुणावरून हाका मारायची, हा वैतागून ओ द्यायचा. आई गेली आणि घर इतकं गप्प झालं की भांडं पडलं तरी तो दचकायचा. स्टँडवर हजारो माणसांशी बोलून यायचं आणि घरी आल्यावर सकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं त्याचं चाललेलं. अशात एकदा वाऱ्याने खिडकी आपटली, काच फुटली आणि रस्त्यावरून ओरडत जाणाऱ्या काचवाल्यांना त्याने वर बोलावलं.

"मोठी काच आहे, नीट माप घ्या," एवढंच तो बोलला होता. काचवाले माप घेता घेता थांबले.

"तुम्ही स्टँडवरचे ना? आवाज कळला. तुमच्या आवाजावर मी रोज गाडीत बसतो." त्यांनी काच बसवून कडेने मसाल्याची लांबी भरायला घेतली. अंगठ्याने लांबी दाबत दाबत, वर न बघता ते म्हणाले, "तुम्ही सगळ्यांना सांगता, कुठली गाडी, कुठला फलाट. तुम्हाला कोण सांगतं?"

दुसरा कोणी असता तर निवेदकाने त्याला वाटेला लावलं असतं. पण प्रश्न विचारून म्हातारा आपल्या कामाला लागला होता, उत्तरासाठी अडून बसला नव्हता. निवेदकाने चहा टाकला. आई गेल्यापासून त्या घरात दोन कप प्रथमच भरले गेले.

पुढचं हळूहळू झालं. शिंप्याच्या दुकानावरच्या माडीवर काचवाल्यांची मंडळी जमायची. प्रार्थना चालवणारा पाळक होता, तो एरवी शाळेत गणित शिकवायचा. एक परिचारिका, एक ट्रकवाला, दोन-तीन कुटुंबं, एक आंधळ्या आजी. चटया टाकून बसायचं, गायचं, बायबलच्या शुभवर्तमानातला एखादा भाग वाचायचा, आणि मग त्यावर बोलायचं. निवेदक पहिल्यांदा गेला तेव्हा दाराजवळ बसला होता, पळता यावं म्हणून. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यालाच वाचायला सांगितलं. त्याने वाचलं, आणि आंधळ्या आजी म्हणाल्या, "अरे बाबा, तू रोज येत जा. तू वाचलंस की मला दिसतं."

त्या एका वाक्यावर तो घरी कसा पोचला ते त्याला कळलं नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस, रस्त्याने एकटाच हसत चालला होता.

येशूबद्दल त्याला आधी फारसं काही माहीत नव्हतं. वाचता वाचता त्याला तो आवडू लागला, आणि मग नुसता आवडून भागेना. हा माणूस कोणाच्याही घरी जेवायला जातो, लोक नावं ठेवतात तरी जातो, आणि ज्याच्याकडे जातो त्याचं घर पहिल्यासारखं राहत नाही, हे त्याच्या मनाने घेतलं. तो आजारी माणसांना भेटायला जाऊ लागला. परिचारिकेबरोबर इस्पितळात जाऊन ज्यांचं कोणी नाही अशांना वर्तमानपत्र वाचून दाखवू लागला. स्वयंपाक शिकला, तो वाईटच झाला, पण मंडळीने खाल्ला. रात्री झोपताना तो मनातलं मोठ्याने देवाला सांगू लागला. सांगायला आपल्याकडे इतकं साठलेलं आहे याचं त्याचं त्यालाच नवल वाटायचं.

त्या मंडळीत एक पद्धत होती. नवीन माणसाला एक सोबती द्यायचा. त्याच्याबरोबर वर्षभर आठवड्यातून एकदा, एकाच डब्यात जेवायचं. शिकवायचं वगैरे काही नाही, फक्त जेवायचं आणि खरं बोलायचं. वर्ष संपलं की नदीवर बाप्तिस्मा, आणि सोबत्याने हात धरून पाण्यात न्यायचं. निवेदकाचे सोबती म्हणजे काचवाले. दुसरी पद्धत अशी, की तिथे सगळे भाऊ आणि सगळ्या बहिणी. वय विचारायचं नाही. पंचाहत्तरीचे काचवाले त्याचे भाऊ, आणि शाळेत जाणारी पाळकाची मुलगी त्याची बहीण.

माडीवर हे सगळं गोड वाटायचं. स्टँडवर मात्र काचवाले फलाटावरूनच हात उंच करून "भाऊ" म्हणून हाक मारायचे, तेव्हा त्याच्या अंगावर काटा यायचा. एकदा एका प्रवाशाला फलाटावर उलटी झाली. सफाईवाला येईपर्यंत लोक नाक धरून लांब उभे होते. काचवाल्यांनी आपल्याच पंच्याने ती पुसली, त्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून प्रार्थना केली आणि वर काचेकडे बघून निवेदकाला हात केला. वर कंट्रोलर आणि दोघं-तिघं खिदळत होते. निवेदकाने हात केला नाही. पाणी प्यायल्यासारखं केलं.

तेव्हाच त्याला कळायला हवं होतं की हे एक दिवस अंगाशी येणार. त्याला धर्माची लाज वाटत नव्हती, हे तो स्वतःला पटवून द्यायचा. लाज वेगळीच होती. आपण एकटे होतो, आपल्याला कोणीतरी हवं होतं, आणि एका काचा बसवणाऱ्या म्हाताऱ्याने ते ओळखलं, ही गोष्ट कंट्रोलरला कळू नये असं त्याला वाटत होतं. बस, इतकंच. आणि त्या इतक्याशा गोष्टीसाठी त्याने त्या माणसाला सगळ्या स्टँडसमोर झटकून टाकलं होतं.

त्या आठवड्यात तो माडीवर गेला नाही. घसा बसलाय असा निरोप पाठवला. घसा खणखणीत होता. खाली स्टँडवर चहावाल्याने त्याची नक्कल सुरू केली होती. कोणी उधारी मागितली की तो नाकात म्हणायचा, "मी ओळखतसुद्धा नाही त्याला." लोक हसायचे. निवेदक मागच्या जिन्याने ये-जा करू लागला.

डबा त्याने घरी नेला होता. आतला पाव दगड झाला होता, अंड्यांना वास येत होता. ते त्याने टाकून दिलं. डबा त्याने घासून पुसून ठेवला, आणि मग रोज घासत राहिला. घासायचा आणि तसाच ठेवायचा.

सर्वात वाईट म्हणजे, वाचलेलं आठवत होतं. थोड्याच दिवसांपूर्वी माडीवर त्यानेच तो भाग वाचला होता. येशूला पकडून नेलंय, अंगणात विस्तव पेटलाय, थंडी आहे, शिष्य हात शेकत बसलाय आणि कोणीतरी विचारतं, तू त्याच्याबरोबरचा ना? आणि शिष्य म्हणतो, मी त्या माणसाला ओळखत नाही. काय सुरेख वाचला होता त्याने तो भाग. कोंबडं आरवतं तिथे आवाज खाली आणला होता, थोडा थांबला होता. परिचारिकेने डोळे पुसले होते. सगळ्यांनी वाहवा केली आणि त्यालाही बरं वाटलं होतं. त्या शिष्याला निदान जीव वाचवायचा होता. आपल्याला काय वाचवायचं होतं? कंट्रोलरचं हसू?

एकदा तो डबा घेऊन काचवाल्यांच्या घरापर्यंत गेला. बोळातली तळमजल्याची खोली, दाराबाहेर काचांचे तुकडे भरलेला पत्र्याचा डबा, लांबीचा वास. दार अर्धवट उघडं होतं. आत काचवाले कोणाशी तरी बोलत होते आणि मध्येच खळखळून हसले. ते हसू ऐकून निवेदक दाराबाहेरच थांबला. त्याला वाटलं होतं, म्हातारा आत तोंड पाडून बसला असेल. निदान रागावला असेल. रागावलेल्या माणसापुढे उभं राहता येतं, चार शिव्या खाता येतात. हा आपल्याला बघून "ये रे" म्हणणार, बसायला चटई टाकणार. माफी मिळणार हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच त्याला आत जाववेना. डबा काखेत मारून तो आल्या पावली परत फिरला.

वर्ष भरलं आणि त्याच्या बाप्तिस्म्याचा रविवार आला. तो नदीवर गेला, पण पुलावर. खाली काठावर मंडळी जमली होती. आणखी एकाचा बाप्तिस्मा होता, त्या ट्रकवाल्याच्या भावाचा. त्याचा सोबती त्याला हात धरून पाण्यात घेऊन गेला. काचवाले काठावर उभे होते, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्यांना कोणालाच पाण्यात न्यायचं नव्हतं. तरीही ते तसेच, विजार दुमडून तयार उभे होते, आणि मधूनमधून रस्त्याकडे बघत होते. पुलाकडे बघायचं त्यांच्या मनात आलं नाही. सगळं आटोपलं, लोक निघाले, तेव्हा काचवाल्यांनी खाली बसून विजारीच्या दुमडी उलगडल्या. निवेदक कठड्याला धरून उभा होता. त्याला रडू आलं आणि आपण रडतोय याचीही त्याला शरम वाटली.

यानंतर दोन दिवसांनी की तीन दिवसांनी, दुपारी, आतला फोन वाजला. वर निवेदक होता आणि त्याच्यामागे कंट्रोलर सँडविच खात उभा होता.

"हरवल्याची सूचना आहे," चौकशीबाई म्हणाल्या.

निवेदकाने माइक जवळ ओढला. हरवलेल्या माणसांच्या सूचनांबाबत तो काटेकोर होता. नुसतं 'अमक्याने यावं' असं तो कधी सांगायचा नाही. कोण वाट बघतंय ते आधी विचारायचा. आई, मुलगा, नवरा, जे असेल ते. त्याचं म्हणणं, हरवलेल्याला नुसतं बोलावलं तर तो येत नाही. घाबरतो, नाहीतर रागावलेला असतो. आपलं कोण वाट बघतंय हे कळलं की पाय आपोआप वळतात. चौकशीबाईंना त्याने हे इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्या नातं विचारल्याशिवाय फोनच करायच्या नाहीत.

"सांगा. कोण हरवलंय?"

"निवेदक."

"कुठला निवेदक?"

"या स्टँडचा." बाई थोड्या घुटमळल्या. "आता मी काय करू, ते समोर उभे आहेत. म्हणतात, आमचा माणूस हरवलाय, इथेच कुठेतरी आहे, जरा पुकारा."

निवेदकाने फोन कानाला घट्ट धरला. काचेतून खाली बघितलं तर चौकशीच्या खिडकीचं नुसतं छप्पर दिसत होतं, आणि छपराच्या कडेला टेकवलेली एक लाकडी चौकट.

"नातं काय सांगितलं?" त्याने विचारलं. सवयीने विचारलं.

"मी विचारलं हो. तुमची शिस्त मला माहीत नाही का?" बाईंचा आवाज आणखी खाली आला. "म्हणाले, ते निवेदकांनाच ठरवू दे. त्यांना कमीपणा वाटेल असं काही आपण सांगायला नको."

त्याने फोन ठेवला. मागे कंट्रोलरचं चावणं थांबलं होतं.

"काय झालं रे?" कंट्रोलर म्हणाला.

"एक जण हरवलाय."

त्याने बटण दाबलं. लाल दिवा लागला. स्टँड खाली नेहमीसारखा गजबजलेला होता. माणसं पिशव्या सांभाळत होती, गाड्या मागे येत होत्या, कंडक्टर गाडीच्या पत्र्यावर हात आपटत होते. त्याने घसा साफ केला, तोही सगळ्यांना ऐकू गेला.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. या बस स्टँडचे निवेदक जिथे असतील तिथून त्यांनी चौकशी खिडकीजवळ यावं. त्यांचे..." मागे कंट्रोलरच्या हातातला सँडविचचा कागद वाजला. "त्यांचे ओळखीचे तिथे वाट पाहत आहेत."

शेडमधून शेपटी परत आली. 'ओळखीचे वाट पाहत आहेत.' त्याने डोळे मिटले. ओळखीचे. गेल्या खेपेला ओळखत नाही म्हणाला होता, आज ओळखीचे म्हणाला. पुन्हा शेपूट घातली होती, जरा नीटनेटकी घातली होती, इतकाच फरक. खाली काही माणसं गोंधळून वर बघत होती. निवेदक स्वतःलाच बोलावतोय, ही काय भानगड? घड्याळाखालच्या बाकाजवळ चहावाला किटली धरून थांबला होता, आता पुढे काय म्हणतो ते ऐकायला.

पण सूचना नेहमी दोनदा सांगायची असते. पहिल्यांदा लोकांचं लक्ष जातं, दुसऱ्यांदा कळतं. नोकरीला लागला तेव्हा त्याला हे शिकवलं होतं आणि आजवर त्यात त्याने कधी खाडा केला नव्हता. लाल दिवा अजून पेटलेला होता.

"पुन्हा एकदा," तो म्हणाला. आवाज त्याचा राहिला नव्हता. तो चांगला, भारदस्त आवाज कुठे गेला कोण जाणे, हा भलताच कोणाचा तरी घोगरा आवाज होता. "या बस स्टँडचे निवेदक जिथे असतील तिथून त्यांनी चौकशी खिडकीजवळ यावं. त्यांचे भाऊ तिथे वाट पाहत आहेत. त्यांचे भाऊ."

तो उठला. कपाटावर ठेवलेला डबा त्याने घेतला. रोज परत करायचा म्हणून आणायचा आणि रोज घरी न्यायचा, तो. कंट्रोलर दारात होता. पोट आत ओढून त्याने वाट दिली.

निवेदक पुढच्या जिन्याने उतरला, सगळ्यांच्या समोरून. लोक बघत होते. लाज गेली नव्हती. उलट पायरीपायरीला वाढत होती, कान लाल झाले होते. ती घेऊनच तो उतरला.

काचवाले खिडकीपासून बाजूला, घड्याळाखालच्या बाकावर जाऊन बसले होते. त्याला बघून ते थोडे सरकले. हातात दुसरा डबा होता.

"जेवलास?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बस मग."

तो बसला. घासूनघासून चकचकीत केलेला रिकामा डबा त्याने दोघांच्या मध्ये ठेवला. काचवाल्यांनी तो उचलून आत बघितलं.

"मी... त्या दिवशी..." तो म्हणाला आणि पुढे त्याला काही येईना. सगळी गावं, सगळे फलाट तोंडपाठ असलेला माणूस, त्याला तीन शब्द जुळवता येईनात.

"वाईट वाटलं मला," काचवाले म्हणाले. "खोटं कशाला बोलू? आपलं खरं बोलायचं ठरलंय. घरी जाऊन मी देवाशी भांडलो तुझ्यावरून. म्हणालो, याला इतके दिवस घास भरवले ते काय यासाठी?" त्यांनी डब्याचं झाकण अंगठ्याने उचकटलं. अंगठ्यावर काचेचे जुने पांढरे व्रण होते. "मग वाटलं, मी तरी काय. सगळ्यांसमोर हात उंच करून तुला हाका मारत होतो. तुझा जीव अर्धा होत होता, ते दिसत होतं मला. दिसून पण मारत होतो. बघा, माझा भाऊ कुठे बसतो, असं होतं त्यात थोडं."

"तुम्ही नदीवर थांबला होतात."

काचवाल्यांनी त्याच्याकडे बघितलं. "तुला काय माहीत?"

"मी पुलावर होतो."

काचवाल्यांनी डबा मांडीवर घेतला. मग पाव काढला, मोडला, आणि मोठा तुकडा त्याच्यापुढे केला. "पाणी कुठे पळून जात नाही," ते म्हणाले. "खा."

त्याने घास घेतला. काचवाल्यांनी पाण्याची बाटली उघडून पुढे केली आणि दुसरीकडे बघू लागले, त्याला डोळे पुसता यावेत म्हणून.

तेवढ्यात त्यांच्या डोक्यावरचा कर्णा खरखरला. कोणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला, सगळ्या स्टँडवर. मागोमाग एका ड्रायव्हरचा आवाज. "भोंगा कुठे गेला? माझी गाडी पुकारायची होती."

"जेवायला गेलाय," कंट्रोलर म्हणाला.

"कुठे?"

"खाली. भावाकडे."

या वेळी त्यात हसू नव्हतं. पार टोकाच्या शेडपर्यंत तो आवाज गेला आणि तिथून परत आला. चौकशीच्या खिडकीत बाईंनी डोकं बाहेर काढून वर बघितलं आणि मग यांच्याकडे.

"बटण राहिलं वाटतं तुझं," काचवाले म्हणाले.

"हो," निवेदक म्हणाला. उठून वर जायला हवं होतं. त्याने डब्यातला दुसरा तुकडा घेतला, आणि बसून राहिला.